आकड्याला माप चिकटलेलेच हवे: सायंटिफिक कॅल्क्युलेटर नव्याने लिहिण्याआधी

खान्देशातला माणूस दिवसभरात किती मापांतून फिरतो ते बघा. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये, बांधावर बोलताना मात्र एकर आणि गुंठे. कापूस विकायचा क्विंटलवर, जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव खंडीवर, आणि तीच रुई दाबून बांधली की मोजायची गाठींत. विहिरीवरची मोटर एचपीत, तिचे वीजबिल युनिटमध्ये. हतनूर धरणातून तापीत सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, धरणातला साठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. जळगावच्या सराफ बाजारात पुन्हा तोळा.

आता समजा, ही सगळी मापे बदलून देणारा एक जुना सायंटिफिक कॅल्क्युलेटर आहे. जिनिंगच्या ऑफिसात, कृषी सेवा केंद्रात, डिप्लोमाच्या पोरांच्या लॅपटॉपवर तो वर्षानुवर्षे चालतो आहे. लिहिणारा नोकरीसाठी पुण्याला गेला, कोड कुणाला उलगडत नाही, नव्या फोनवर तो उघडत नाही. मग कुणीतरी म्हणते, आपण नव्याने लिहू. हे काम दिसते त्यापेक्षा बरेच खोल आहे. माझे ठाम मत असे की, कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी दोन गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात: आपल्या प्रोग्रामच्या दृष्टीने ‘आकडा’ म्हणजे काय, आणि जुना प्रोग्राम आज नेमकी कोणती उत्तरे देतो. बटणे, रंग, पडद्याची मांडणी यांना नंतर भरपूर वेळ आहे.

बारा आर कुठे गेले?

असा जुना प्रोग्राम उघडला की आत बहुतेक वेळा जोड्यांचे कोष्टक सापडते. हेक्टरवरून एकर, एकरवरून हेक्टर, फुटावरून मीटर, मीटरवरून फूट. प्रत्येक जोडीला हाताने टाइप केलेला एक गुणक. समजा लिहिणाऱ्याने हेक्टरचे एकर करताना २.४७ घेतले आणि एकरचे हेक्टर करताना ०.४. बोलण्यात दोन्ही आकडे चालतात. पण १० हेक्टरचे एकर करा, २४.७ येतात. तेच परत हेक्टरमध्ये न्या, ९.८८ उरतात. जाऊन येईपर्यंत बारा आर जमीन हरवली. आपल्याकडे याहून कमी जमिनीवरून भाऊबंदकीत वर्षानुवर्षे कोर्ट चालते.

कोष्टकाचा दुसरा त्रास संख्येचा. एकाच प्रकारची ३० एकके असतील तर ३० गुणिले २९, म्हणजे ८७० गुणक लागतात. त्यातला एक चुकला तर तो सापडायचा कुणाला? त्यामुळे नव्या प्रोग्राममध्ये प्रत्येक एककाचे नाते फक्त एका पायाशी ठेवायचे. लांबीला मीटर, वजनाला किलोग्रॅम, वेळेला सेकंद. एकरचे हेक्टर करायचे तर आधी चौरस मीटर, मग हेक्टर. तीस एककांना तीस गुणक पुरतात, आणि जाता-येता काही हरवत नाही.

हे गुणक गोल करून लिहायचे नाहीत, कारण त्यातले बरेचसे मुळातच नेमके आहेत. १९५९ मध्ये इंग्रजी मापे वापरणाऱ्या सहा देशांनी ठरवले की यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर आणि पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. त्यातून फूट नेमका ०.३०४८ मीटर झाला. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७१४१०५६ चौरस मीटर. या आकड्यातला एकही अंक गोल केलेला नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर ४०४६.८५६४२२४ चौरस मीटर, तोही पूर्ण. आर मात्र बरोबर १०० चौरस मीटरचा. गावात पुष्कळदा आर आणि गुंठा एकच धरतात. शंभर गुंठ्यांमागे गुंठाभराहून जास्त फरक पडतो.

मापाला आकड्यापासून तोडू नका

जुन्या प्रोग्राममध्ये गणित एका खिडकीत आणि एकक-बदल दुसऱ्या खिडकीत असतो. गणिताच्या खिडकीला फक्त कोरडे आकडे कळतात. तिथे तुम्ही ५ एचपीत ६ तास मिळवलेत तर ती निमूटपणे ११ सांगते. नव्याने लिहायचे खरे कारण मला इथे दिसते. फक्त नवा पडदा चढवायचा असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

नव्या प्रोग्राममध्ये प्रत्येक राशी दोन भागांची असावी: आकडा, आणि त्याच्यासोबत सात लहान पूर्णांक, म्हणजे मूळ राशींचे घात. सात कशासाठी, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत मूळ राशी सात आहेत: लांबी, वस्तुमान, वेळ, विद्युतप्रवाह, तापमान, पदार्थाचे प्रमाण आणि प्रकाशाची तीव्रता. क्षेत्रफळात लांबीचा घात २. वेगात लांबीचा १ आणि वेळेचा उणे १. मोटरच्या शक्तीत वस्तुमानाचा १, लांबीचा २, वेळेचा उणे ३. बेरीज-वजाबाकी करायची तर सातही आकडे जुळलेच पाहिजेत, नाहीतर प्रोग्रामने नकार द्यायचा. गुणाकारात घातांची बेरीज, भागाकारात वजाबाकी. नियम एवढाच आहे, पण त्यातून खूप काही पदरात पडते.

धरणातून दिवसभर १०,००० क्युसेकने पाणी सुटले, तर एकूण किती गेले? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. वापरणाऱ्याने ‘१०००० क्युसेक × १ दिवस’ लिहावे, उत्तर दलघमीत मागावे आणि २४.४७ मिळावे. टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मागितले तर ०.८६४. यासाठी ‘क्युसेक-दिवस’ असे वेगळे एकक कुणी भरून ठेवायला नको. वेळेचे घात आपोआप कटतात आणि घनफळ उरते. ‘५ एचपी × ६ तास’ लिहिले की २२.३७ युनिट यावेत. ही झाली मोटरने पंपाला दिलेली ऊर्जा. मोटर स्वतः थोडी वीज खाते, त्यामुळे मीटर याहून जास्त फिरतो. ते गणित वेगळे, आणि कार्यक्षमतेचा आकडा वापरणाऱ्यानेच द्यायला हवा.

हीच सीमा कापसात फार महत्त्वाची आहे. जिनिंगवर एखाद्या आप्पांनी विचारले, “एक खंडीले कितला कापूस लागी?”, तर तो प्रश्न एकक बदलण्याचा नाहीच. रुईची खंडी ३५६ किलोची, हे ठरलेले. पण क्विंटलभर कापसातून रुई किती निघणार हे वाणावर, ओलाव्यावर आणि मशीनवर ठरते. उतारा ३४ टक्के धरला तर एका खंडीला साधारण १०४७ किलो कापूस लागतो. ३२ टक्के धरला तर १११२ किलो. हा उतारा जुन्या प्रोग्राममध्ये कुणी ‘कापूस ते खंडी’ अशा एककात कायमचा कोंबला असेल, तर नव्यात तो बाहेर काढून उघड सूत्र म्हणून मांडायचा, उताऱ्यासाठी रिकामी जागा ठेवून.

मोजमापाला गणिताच्या आधी मान द्यायची ही रीत आपल्याच मातीत जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ उभा केला, असे त्यात नोंदवले आहे. त्या ग्रंथांतल्या ‘लीलावती’ची, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या पाठ्यपुस्तकाची, सुरुवात पाहा. बेरजेच्याही आधी परिभाषा येते: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड. आधी माप, मग आकडेमोड. कॅल्क्युलेटरच्या आराखड्यातही हाच क्रम मला योग्य वाटतो.

माप सुटून नुसता आकडा पुढे गेला तर काय होते याचे एक फार महागडे उदाहरण मंगळाजवळ घडले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान नष्ट झाले. जमिनीवरचा एक प्रोग्राम आवेग पौंड-सेकंदात देत होता, आणि तो वाचणारा दुसरा प्रोग्राम न्यूटन-सेकंद समजून घेत होता. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक. मंगळाच्या पृष्ठभागापासून सव्वादोनशे किलोमीटरवरून जायचे ते यान सत्तावन्न किलोमीटरपर्यंत खाली आले. दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर गणित करत होते. मधल्या फाइलमध्ये फक्त आकडे होते.

ही सात घातांची तपासणी सगळ्या चुका पकडत नाही, हेही आराखड्यात लिहून ठेवावे. नट आवळताना लागणारे टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि ऊर्जाही न्यूटन-मीटरमध्ये. घात तंतोतंत सारखे, अर्थ निराळे. तिथे माणसानेच लक्ष द्यायचे.

तापमान, तोळा आणि दोन दशांशचिन्हे

एकक बदलणे म्हणजे शाळेत शिकलेले त्रैराशिक, असे आपण धरून चालतो. तापमानापाशी ते मोडते, कारण सेल्सिअस आणि फॅरेनहाइटचे शून्य वेगवेगळ्या जागी आहे. भुसावळला पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेला तर तो ११३ अंश फॅरेनहाइट. पण ‘कालपेक्षा ५ अंशांनी वाढला’ या वाक्यातले ५ अंश म्हणजे ९ अंश फॅरेनहाइट. तिथे नेहमीचे सूत्र लावले तर ४१ येतील आणि बातमी हास्यास्पद होईल. म्हणून तापमान आणि तापमानातला फरक ही दोन वेगळी एकके ठेवावीत. दोन तापमानांची वजाबाकी केली की फरक मिळतो, तापमानात फरक मिळवला की तापमान मिळते, आणि दोन तापमानांची बेरीज प्रोग्रामने नाकारावी.

पुढचा प्रश्न एकाच नावाच्या दोन मापांचा. जुना तोळा ११.६६३८ ग्रॅमचा, पण आज सराफाकडे तोळा म्हटले की १० ग्रॅम. खंडी रुईची असेल तर ३५६ किलो, जुन्या धान्यमापात मात्र वीस मण. एचपीसुद्धा दोन आहेत: ब्रिटिश ७४५.७ वॅटचा आणि मेट्रिक ७३५.५ वॅटचा. अशा वेळी प्रोग्रामने मनाने एक निवडून गप्प बसू नये. ‘तोळा (१० ग्रॅम)’ आणि ‘तोळा (जुना)’ अशी दोन्ही नावे दाखवावीत, आणि उत्तरासोबत कुठले धरले तेही छापावे.

याच कारणासाठी एककांची यादी कोडमध्ये पुरू नये. ‘जीएनयू युनिट्स’ या जुन्या आणि नावाजलेल्या प्रोग्रामने सगळ्या व्याख्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवल्या आहेत. ती रीत उचलावी. एका ओळीत एक एकक: नाव, पर्यायी नावे, पायाशी नाते, ते नाते नेमके की मोजलेले, आणि कुठून घेतले. मग अडत्याच्या दुकानातला मुनीमही फाइल उघडून चूक दाखवू शकतो. भौतिकशास्त्राच्या स्थिरांकांचीही अशीच फाइल करावी, वर्षासकट. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बेतली आहे, त्यामुळे तो स्थिरांक आता नेमका ठरलेला आकडा आहे. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मात्र अजूनही प्रयोगशाळेत मोजावा लागतो आणि नव्या मोजणीनंतर थोडा बदलू शकतो.

सातबाऱ्याने तर आणखी एक कोडे घातले आहे. ‘१.२०.५०’ म्हणजे १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर, एकूण १२,०५० चौरस मीटर, म्हणजे २ एकर ३९.१ गुंठे. यात टिंबे दोन आहेत. साधा प्रोग्राम हे वाचताना एकतर अडतो, किंवा १.२० घेऊन उरलेले टाकून देतो, आणि दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. सातबाऱ्याचे क्षेत्र भरायला वेगळा रकाना द्यावा हे उत्तम. देवनागरी अंक आणि १२,३४,५६७ असे लाखाचे स्वल्पविराम वाचता येणे ही तर किमान अपेक्षा.

गणित वाचायचे कसे

माणूस जे टाइप करतो त्याचा अर्थ लावणारा भाग लिहिणे अवघड नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये त्यासाठी मांडलेली पद्धत आजही महाविद्यालयात शिकवतात. अवघड आहे ते अर्थ कोणता लावायचा हे ठरवणे. उणे २ चा वर्ग किती? गणिताच्या पुस्तकाप्रमाणे आधी वर्ग, मग उणे, म्हणून उणे ४. एक्सेलच्या खान्यात तेच लिहिले तर ४ येतात. २^३^२ असे घातावर घात सलग लिहिले तर ५१२ की ६४? १००० + १८% म्हटले की जीएसटी लावणारा दुकानदार ११८० ची वाट पाहतो, काटेकोर प्रोग्राम १०००.१८ म्हणतो. यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधी कागदावर लिहावे, आणि मग ते बदलू नये. टक्क्याच्या बाबतीत मी दुकानदाराच्या बाजूने आहे. बेरजेनंतर आलेला टक्का आधीच्या रकमेवर लावावा.

एककांमुळे इथे एक खास सापळा तयार होतो. ‘१०० किमी / ५ लिटर’ हे लिहिणाऱ्याला सरळ दिसते. पण प्रोग्राम आकडा आणि एकक यांच्यामध्ये साधा गुणाकार धरून डावीकडून उजवीकडे गेला, तर तो १०० किमीला ५ ने भागतो आणि लिटरने गुणतो. उत्तर येते २० किमी-लिटर. म्हणून आकडा आणि त्याला लागून आलेले एकक यांची गाठ भागाकारापेक्षा घट्ट बांधावी. तसेच ‘साइन ३०’ विचारले तर ३० अंश की ३० रेडियन? अंशात उत्तर ०.५, रेडियनमध्ये उणे ०.९८८. कोपऱ्यात लपलेल्या बटणावर हे सोपवण्यापेक्षा अंश हे एकक आकड्यालाच जोडता यावे.

अचूकतेबद्दल थोडेसे. संगणक आकडे दोनच्या पायावर साठवतो आणि ०.१ त्या पायावर पूर्ण मावत नाही. म्हणून बऱ्याच भाषांत ०.१ अधिक ०.२ केले की ०.३०००००००००००००००४ असे दिसते. शेवटचे अंक लपवून हा प्रश्न झाकता येतो, पण सुटत नाही. माझी पसंती अशी: जिथवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आहेत तिथवर आकडे अपूर्णांकाच्या रूपातच ठेवावेत. फूट म्हणजे ३८१ भागिले १२५० मीटर, यात काहीच गळत नाही. वर्गमूळ, लॉग, साइन आले की तिथून पुढे दशमान पद्धतीत भरपूर अंक धरून चालावे आणि दाखवताना बारा अंक दाखवावेत. अँड्रॉइडच्या कॅल्क्युलेटरने याही पुढची मजल मारली आहे: १० च्या १०० व्या घातात १ मिळवून तोच घात वजा केला, तर नेहमीच्या पद्धतीत ० येतो आणि तिथे बरोबर १.

जुन्याला कधी निरोप द्यायचा

जुने सगळे फेकून कोऱ्या पानावर सुरुवात करण्याचा मोह दांडगा असतो. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने ते केले. १९९७ मध्ये त्यांच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती आली, पाचवी आलीच नाही, आणि नव्याने लिहिलेली सहावी यायला २००० चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात बाजार इंटरनेट एक्सप्लोररने नेला.

म्हणून पहिले काम जुन्या प्रोग्रामची उत्तरे गोळा करण्याचे. लोक खरोखर जी गणिते करतात ती मागून घ्यावीत: जिनिंगच्या मुनीमाकडून, ठिबकचा हिशोब करणाऱ्या केळी उत्पादकाकडून, वाळू आणि खडी ब्रासमध्ये मोजणाऱ्या ठेकेदाराकडून, प्रयोगवही लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडून. प्रत्येक गणित जुन्या प्रोग्रामला घालून उत्तर नोंदवावे. मग त्या उत्तरांचे तीन ढीग करावेत. पहिल्यात बरोबर असलेली, जी नव्यातही तशीच यायला हवीत. दुसऱ्यात चुकलेली, जसे ते ९.८८ हेक्टर, नव्यात ती बदलतील आणि का बदलली ते लिहिलेले असेल. तिसऱ्यात गणिताने चुकीची, पण लोकांच्या सवयीची. या तिसऱ्या ढिगावर घाई करू नये. दहा वर्षे रुईच्या खंडीला ३५६ ऐवजी ३५५ धरून चालणारे ऑफिस असेल, तर एका सकाळी सगळ्या पावत्यांचे आकडे बदलणे त्यांच्या कामाचे नाही. आधी त्यांच्याशी बोलावे, मग आकडा दुरुस्त करावा.

मग गणित करणारा गाभा वेगळा लिहावा, ज्याला पडदा आणि बटणे माहीतच नाहीत. त्याला ओळ द्यायची, उत्तर घ्यायचे. गोळा केलेली सगळी गणिते प्रत्येक बदलानंतर या गाभ्यावरून आपोआप फिरवावीत. गाभा पक्का झाला की फोनचा पडदा, संगणकाचा पडदा, हवे ते त्यावर चढवता येते. आलेख, मॅट्रिक्स, चलनांचे रोजचे दर या हौसेच्या गोष्टी पहिल्या आवृत्तीत नकोत. चलनाचा दर तर रोज बदलतो, त्याला व्याख्याच नाही. तो एककांच्या फाइलमध्ये बसवू नये.

जुना आणि नवा काही काळ शेजारी शेजारी चालू द्यावेत, आणि तो काळ हंगामाकडे बघून ठरवावा. जिनिंगचा हिशोब दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. धरणाच्या विसर्गाची गणिते पावसाळ्यात, मोटरची आणि ठिबकची कडक उन्हात. जूनमध्ये चार आठवडे नीट चालले म्हणून जुना काढून टाकला, तर खंडीचे गणित कुणी एकदाही करून पाहिलेले नसेल. निदान एक पूर्ण वर्ष दोन्ही ठेवावेत, उत्तरे जुळली नाहीत की नोंद व्हावी, आणि दर महिन्याला कुणीतरी ती नोंद वाचावी. त्यानंतरही जुन्याची एक चालती प्रत आणि त्याचे गुणकांचे कोष्टक जपून ठेवावे, कारण जुन्या पावतीवरचा आकडा कसा आला हे विचारायला कुणीतरी पुढच्या वर्षीही येईल.